तीस वर्षांनंतरचा श्वास

परवाना अधिकारी अनुराधा हर्डीकरांनी जाकिटाचे पट्टे आवळले आणि सुनावणीच्या मांडवात त्या डोळे मिटून बसल्या. खाडीकाठच्या कोळशाच्या साठ्याला आणि जेट्टीला परवानगी द्यायची, तर सही करणाऱ्याने आधी दहा मिनिटं जाकीट देईल तो श्वास घ्यायचा, असा कायदाच होता. तीस वर्षांनी प्रकल्पाच्या सर्वांत जवळ जो कुणी राहत असेल, त्याचा श्वास.

मागच्या एका बंदराच्या सुनावणीत त्या चौथ्याच मिनिटाला धापा टाकत उठल्या होत्या. आज मात्र छाती अगदी मोकळी होती. दहा मिनिटं भरली, तेव्हा त्यांनाच हायसं वाटलं. कंपनीच्या इंजिनिअरने पेन पुढे केलं.

“बरं वाटलं ना मॅडम?” पुढच्या रांगेतल्या चांगुणाबाईंनी विचारलं. बोंबील वाळत घालून त्या तशाच आल्या होत्या. त्यांचं घर कुंपणापासून चाळीस पावलांवर होतं.

“हो बाई. काही त्रास नाही झाला.”

“म्हणजे आमच्या नातीची छाती चांगली राहील. तिचंच नाव आहे ना त्यात?”

खात्यात सगळे फक्त मिनिटं बघत. जाकिटाच्या पडद्यावरची खालची ओळ कुणी वाचत नसे. हर्डीकरांनी आज पहिल्यांदा वाचली. नाव नव्हतंच. ‘तीस वर्षांनी सर्वांत जवळचा रहिवासी : एकोणीस किलोमीटरवर.’

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि पेनाला टोपण लावलं.