मुगाएवढं मूत्रपिंड

भास्करकाकांच्या पेशींपासून वाढवलेलं मूत्रपिंड काचेखाली मुगाएवढं दिसत होतं. तीन औषधांचं मिश्रण त्याला मानवलं होतं. तेच मिश्रण घेऊनही काकांचं स्वतःचं मूत्रपिंड मात्र ढासळत होतं.

"आणखी काही औषध चालू आहे?" प्रयोगशाळेतल्या रेवतीने विचारलं.

"छे. सकाळी नुसता काढा," सुलभाकाकू म्हणाल्या. "तो काय औषध आहे? आत्ताही आणलाय."

"यालाही पाजू?"

"पाज की. तुझ्या मुगाला बाळसं येईल."

रक्तात उतरतो तितका विरळ करून रेवतीने काढ्याचा थेंब सोडला. थोड्या वेळाने मूत्रपिंड कडेने काळवंडू लागलं.

"मीच उकळते तो," काकू म्हणाल्या.

काका काचेत डोकावले. "म्हणजे उद्यापासून सकाळी चहा मिळणार," ते म्हणाले.