स्वतःचे श्वास

“आता डोळे मिटा आणि एक मिनिट फक्त आपापले श्वास मोजा,” शिकवायला आलेले तरुण गृहस्थ म्हणाले. इस्पितळातल्या चौदा नर्सांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. मागच्या रांगेतली एक लगेच घोरायलाच लागली.

मोठ्या सिस्टरांनीही डोळे मिटले. सकाळची पाळी संपवून त्या सरळ इथे येऊन बसल्या होत्या. चपलांतून पाय अर्धे बाहेर काढले होते. एक, दोन, तीन इथवर त्यांनी मोजलं. पुढे डोळे आपोआप उघडले आणि समोरच्या गृहस्थांच्या छातीवर जाऊन थांबले. मग घड्याळावर, मग पुन्हा छातीवर. सव्वीस वर्षांची खोड ती, एका मिनिटात कुठली मोडायला!

“छान,” मिनिट संपल्यावर ते म्हणाले. “किती झाले तुमचे?”

“चौदा.” “सोळा.” “मला झोप लागली हो, सर.”

“आणि बाई, तुमचे?”

“बावीस,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

“बावीस? जरा जास्तच आहेत.”

“माझे नाहीत. तुमचे.”

सगळ्याजणी खो खो हसल्या. घोरणारीसुद्धा जागी होऊन हसली.

“जिना चढून आलात, की आमची भीती वाटतेय?” मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

“भीतीच,” गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले आणि त्यांनाही हसू आलं. “पण मी तुमचे विचारले होते.”

“ते राहिलेच मोजायचे.”

या वेळी कोणी हसलं नाही. शेजारी बसलेल्या धाकट्या सिस्टरने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

शेवटी सगळ्यांना एकेक कागद भरायला दिला. गेल्या महिन्यात झोप लागली का, जेवण वेळेवर झालं का, कामात लक्ष लागत नाही असं वाटलं का. मोठ्या सिस्टरांनी प्रश्न वाचले आणि खाली एका ओळीत लिहिलं, ‘तक्रार नाही’. रात्र बरी गेलेल्या रुग्णाच्या कागदावर लिहितात, तसं. सही केली, तारीख घातली, वेळही घातली.

धाकटीने ते तिरक्या नजरेने वाचलं.

तिला सकाळ आठवत असणार. इंजेक्शन भरून मोठ्या सिस्टर खाटेशी उभ्या होत्या, आजोबांची बाही वर केली होती, सुई टोचायची तेवढी बाकी होती. “ताई, हे नऊ नंबर. ते सहा नंबरचं आहे,” धाकटी हळूच म्हणाली होती. त्यांनी पाठ फिरवली आणि त्या सहा नंबरकडे गेल्या. आजोबांना वाटलं, आपली सुई टळली. ते खूश झाले. त्यानंतर दोघींनी तो विषय काढला नव्हता.

गृहस्थ कागद गोळा करून गेले. खोली रिकामी झाली. मोठ्या सिस्टर चपलांत पाय सारत होत्या, पण पाय सुजलेले, आत जाईनात. वर्गात शिरतानाच मेट्रनने त्यांना गाठलं होतं. “दुपारच्या पाळीची आजही येत नाहीये. तुम्हीच थांबा ना बाई. वर्ग संपला की सांगा मला.” आठवड्यातली ही चौथी वेळ. दुपारच्या पाळीला तीस खाटा आणि त्या एकट्याच. मागून “ताई” म्हणणारंही कोणी नाही. तरीही त्यांनी “बघते” म्हटलं होतं. त्यांच्या “बघते”चा अर्थ “हो” असतो, हे अख्ख्या इस्पितळाला ठाऊक होतं.

“ताई, हात द्या जरा,” धाकटी म्हणाली.

“कशाला गं?”

“नाडी बघते.”

तिने मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ समोर आणलं. मोठ्या सिस्टरांना क्षणात कळलं. ही युक्ती धाकटीला पहिल्याच आठवड्यात त्यांनीच शिकवली होती. श्वास मोजतोय हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. कळलं की तो शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, आणि डोळे छातीवर ठेवायचे.

हात सोडवून घ्यावा असं त्यांना वाटलं. पण या मनगटाला असं कोणी धरून किती दिवस झाले होते कोण जाणे. तो हात तिथेच राहिला. मग त्यांनी तेच केलं जे सगळे रुग्ण करतात. आकडा चांगला यावा म्हणून श्वास रोखून धरला.

तेवढ्यात मेट्रन दारात आल्या. “काय बाई, थांबताय ना मग?”

“हो” ओठांवर तयारच होतं. पण ते म्हणायला श्वास सोडावा लागला असता.

“ताई,” धाकटी हळूच म्हणाली, “रोखू नका. मोजता येत नाही मला.”

मोठ्या सिस्टरांनी श्वास सोडला. तो बराच वेळ बाहेर येत राहिला.

“मेट्रन,” त्या म्हणाल्या, “आज सकाळी नऊ नंबरच्या आजोबांना मी सहा नंबरचं इंजेक्शन देत होते. हिने थांबवलं.”



“आणि मध्ये बोलायचंही नसतं,” धाकटी घड्याळावरून नजर न काढता म्हणाली. मनगट तिने सोडलं नव्हतं. “झालं, आता परत पहिल्यापासून.”