मधली सोळा पानं

"सर, तुमी ज्या कवितांचं कवतिक केलंय ना, त्या माझ्या नायतच!"

तानाजी म्हात्र्यांनी साप्ताहिक टीपॉयवर आपटलं. त्यांच्यामागून त्यांची बायको शेवंती आत आली आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. कारखानीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

कारखानीसांच्या ठाकुर्लीतल्या या दोन खोल्यांत नव्या लेखकांची पुस्तकं येऊन पडत. स्वखर्चाने काढलेली, गुळगुळीत कव्हरांची. पुस्तकामागोमाग फोन येई. "वाचलं का, काका? दोनच ओळी लिहा, पण चांगल्या लिहा." ते इथल्याच एका साप्ताहिकात या पुस्तकांवर लिहीत. कुणाचं मन मोडवत नसे, म्हणून 'आश्वासक', 'दखलपात्र' असले शब्द वापरत आणि छापून आल्यावर स्वतःवरच चिडत. आपल्याला कविता खरंच कळते का, ही शंका त्यांना तरुणपणापासून होती. म्हातारपणी ती गुडघेदुखीसारखी बळावली होती.

म्हात्र्यांचं पुस्तक तर त्यांनी वैतागून मिटूनच ठेवलं होतं. पण म्हात्र्यांचा फोन रोज येई, म्हणून पुन्हा उघडलं. कोपरच्या या जमीनवाल्या कवीने आईला, चंद्राला, गावदेवीला आणि नगरसेवकाला एकाच ठेक्यात हाक मारली होती. ओळीगणिक उद्गारचिन्ह, कुठे कुठे तीन-तीन. मग मधली सोळा पानं आली आणि कारखानीस पुस्तक घेऊन खिडकीच्या उजेडात जाऊन बसले. मिठागरात राबणारी पोर. टाचांच्या भेगांत शिरलेलं मीठ. पुढे तिचं सासर, आणि तिथली ती ओळ: 'मिठाच्या राशी लावल्या जिनं, तिच्याच हाताला चव नाही म्हणतात.' सोळा पानांत एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

त्या दिवशी कारखानीसांनी पहिल्यांदाच न अडखळता लिहिलं. 'बाकीचं पुस्तक नसतं तरी चाललं असतं. खरी कविता या सोळा पानांत आहे.' खोट काढली ती एकच. 'आगर' या कवितेची शेवटची ओळ नको होती. जे आधीच कळलेलं असतं, तेच ती समजावून सांगते.

"प्रेसवाल्यानं दुसऱ्या कुनाचं तरी माझ्यात घुसवलंय," म्हात्रे म्हणाले. "रविवारी प्रकाशन हाय. अख्खा गाव येनार, व्याही येनार. आनी तुमी छापून मोकळे, बाकीचं नसतं तरी चाललं असतं!"

"पण प्रूफं तपासली असतील ना तुम्ही?"

"ती हिनं बघितली. माजं अक्षर प्रेसवाल्याला लागत नाय, म्हनून कागद पन हिनंच उतरवून दिलेले."

"आणि छापून आल्यावर? पुस्तक वाचलं नाहीत?"

"माजंच हाय ते, सर. मी कशाला वाचू?"

कारखानीस त्यांच्याकडे बघत राहिले. 'वाचलं का' म्हणून महिनाभर पिच्छा पुरवणारा माणूस हाच. पायाशी पुस्तकांची चळत होती. तिच्यातली आणखी किती पुस्तकं त्यांच्या लेखकांनीही उघडली नसतील, असा विचार येऊन त्यांचं डोकं तडकलं.

"जाऊ दे," म्हात्रे म्हणाले. "प्रती सगळ्या घरीच हायत. ती पानं फाडून टाकायची. ही बसंल फाडत."

"फाडू नका." कारखानीसांचा आवाज चढला, तसे ते स्वतःच दचकले. "कुणाच्या आहेत ते शोधा. प्रेसमध्ये विचारा. पण फाडू नका."

"दुसऱ्याचं पोर मी माझ्या घरात कशाला ठेवू?"

"कारण तुमच्या पुस्तकात वाचण्यासारखं तेवढंच आहे!"

शेवंतीने मान वर केली. म्हात्र्यांचा चेहरा लाल झाला. मग म्हात्रे सावकाश उठले.

"तुमाला कवितेतलं काय कलत नाय, सर."

जन्मभर कारखानीसांनी ज्या वाक्याची धास्ती घेतली, ते असं भर दुपारी, स्वतःच्याच घरात ऐकावं लागलं. म्हात्र्यांनी प्रेसवाल्याला फोन लावला आणि ते दार उघडं टाकून, "जल्ला तुजा प्रेस!" असं ओरडत जिना उतरायला लागले.

शेवंती मागे राहिली. तिने टीपॉयवरचं साप्ताहिक उचललं, परीक्षणाचं पान वर येईल अशी घडी घातली आणि ते पर्समध्ये ठेवलं. दारात चपला घालता घालता ती थांबली.

"मी फाडनार नाय, सर. पट्टी लावून सोडवीन एकेक पान. मंग दोऱ्यानं टाचली, का बारकं पुस्तक व्हतं ना?"

"होतं," कारखानीस म्हणाले.

"जेवढ्या प्रती, तेवढी व्हतील."

"अगं ए, येतेस का?" खालून हाक आली.

"आले!" तिने जिन्याकडे तोंड करून सांगितलं आणि पदर खांद्यावर ओढला. "ती शेवटची ओळ तेवढी पेनानं खोडते. सुचली तवाच मना ती जास्तीची वाटलेली."