पाहुण्यांसाठी उजेड

हेमांगीने दिवाणखान्यातल्या जिवंत प्रवाळांच्या काचेच्या टाकीवरचा नवा एलईडी दिवा मंदच ठेवला होता. "आई, यांना उजेडाची सवय हळूहळू लावायची, नाहीतर मरतात," असं बजावून ती ऑफिसच्या कामाला नागपूरला गेली.

इकडे तिला बघायला पाहुणे यायचे ठरले. "घर उठून दिसायला नको?" म्हणत आईने दिवा पूर्ण मोठा केला. असा लख्ख, की दिवेलागणीलाच कोंबडे आरवले म्हणे! पाहुणे आज येतो, उद्या येतो करत राहिले, आणि दिवा जळतच राहिला.

हेमांगी परतली ती पाहुण्यांच्या पाठोपाठच. पोटच्या पोरांसारखी वाढवलेली जांभळी-हिरवी प्रवाळं हाडांसारखी पांढरी पडली होती.

"अगंबाई, किती पांढरंशुभ्र!" मुलाची आई म्हणाली.

हेमांगीच्या तोंडून शब्द फुटेना.

"मुलगी शांत आहे हो," म्हणत पाहुण्यांनी तिथंच होकार दिला.