परत मिटवलेली बोंडं

"सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाय," मारुतीराव म्हणाले आणि काटेरी बोंडांचं घमेलं त्यांनी भर गल्लीत, आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उपडं केलं. "चोर आला. एकेक बोंड उघडलं, आतली बी काढली आणि बोंड परत मिटवून ठिवलं. साडेतीनशे बोंडं. हाताला एक काटा टोचला न्हाय त्याच्या."

काकती गावात चेस्टनटचं, म्हणजे या काटेरी बोंडांचं, झाड आता एकट्या मारुतीरावांच्या परड्यात उरलं होतं. त्यांचा फौजेतला लेक राणीखेतहून दोन रोपं घेऊन आला होता. धट्टंकट्टं होतं ते मारुतीरावांनी स्वतः लावलं. मरतुकडं होतं ते कुंपणापलीकडच्या गुणाबाईंना दिलं, वर चारचौघांत उपकारही सांगितला. पुढं त्या मरतुकड्यानंच बाळसं धरलं. दोन्ही झाडं फळली, पण गुणाबाईंची बी टपोरी. भाजलेल्या बिया खायला गल्ली त्यांच्याच चुलीपाशी जमायला लागली. मारुतीरावांना ते काही पचलं नाही. यंदाच्या उन्हाळ्यात गुणाबाईंचं झाड उभं वाळलं. "वाळवी लागली ओ," असं मारुतीरावांनीच गावभर हळहळून सांगितलं.

उद्या निपाणीच्या कृषी प्रदर्शनात त्यांच्या बियांचं ताट मांडायचं होतं. पत्रिकेत नाव छापून आलं होतं. आणि बोंडात बघावं तर कागदासारखी चपटी साल.

"सात वर्सं ताक पाजलंय मी त्या झाडाला," मारुतीरावांचा आवाज चढला. "घरात नातवंडं मागायची, मी झाडाला घालायचो. आणि चोर काय लांबचा न्हाय. जिचं झाड गेलं तिच्याच पोटात दुखणार की. बघा तिच्या घरातलं डबं."

गुणाबाई दारात सूप घेऊन उभ्या होत्या.

"बघा की," त्या म्हणाल्या. "डबं उघडंच हाईत."

 मग समोरच्या घरातला ज्योतिबा खाली मान घालून त्यांच्या उंबऱ्याकडं निघाला. काल याच उंबऱ्यावर बसून त्यानं चहा घेतला होता.

"थांब रं," परशराम म्हणाला. तो बेळगावचा रोपवाटिकावाला, प्रदर्शनाचं ताट न्यायला आला होता. त्यानं चपलेखाली एक बोंड दाबून फोडलं आणि आतली साल चिमटीत धरली. "आप्पा, चोरी न्हाय ही. बी धरलीच न्हाय. ह्या जातीला दुसऱ्या झाडाचा पराग लागतोय. झाड एकटं पडलं की बोंडं येतात, पण पोकळ. गेल्या वर्षापतोर बी धरत होती, म्हंजे जवळपास दुसरं झाड असणार. त्याचं काय झालं?"

मारुतीरावांनी कुंपणापलीकडं उरलेल्या गुणाबाईंच्या झाडाच्या खुंटाकडं बघायचं टाळलं.

"वाळवीनं खाल्लं," ते कडाडले. "बुडापासनं पोखरलं, ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. ह्या बाईला एक झाड सांभाळाय आलं न्हाय, आन् नुकसान माझं. ह्याची भरपाई कोण देणार?"

गुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. झाड वाळल्यापासून त्याबद्दल त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "वाळवीनं खाल्लेल्या बुडाला डिझेलचा वास येत न्हाय."