मुठीचा हट्ट

पाखरूताई जखमी पाखरं बरी करायच्या आणि तळहातावरून उडवून द्यायच्या. त्या गेल्यावर शाळेने आवारात त्यांचा पुतळा उभारायचं ठरवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी शिल्पकार बाईला एकच गोष्ट बजावली, "हात मात्र उघडा हवा हं."

तिने मातीचा हात उघडाच घडवला. सकाळी कार्यशाळेचं कुलूप काढून बघते, तर मूठ मिटलेली. अंगठा आत.

"माती सुकली असेल गं," नवरा म्हणाला.

"सुकली तर तडकेल. मूठ कशाला आवळेल?" ती फणकारली आणि एकेक बोट सरळ करत बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ. मग तिने बोटांत जाड तार घातली. सकाळी तारेसकट बोटं वळलेली होती. अंगठा आत.

"बघतेच आता!" तिने पदर खोचला, बोटं पुन्हा उघडली आणि जागची न हलता साचा घेतला. पुतळा ब्राँझमध्ये ओतून झाला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

अनावरणाला पडदा सरला. उन्हात तळहात लख्ख उघडा! पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"जिंकलीस गं बाई," नवरा कानाशी पुटपुटला.

तीही हसून टाळ्या वाजवायला गेली. उजवा हात उघडेना. तिने डाव्या हाताने बोटं ओढून पाहिली, दातओठ खाऊन जोर लावला. अंगठा आत होता.

आणि त्या मुठीत, उबदार, मऊ पिसांचं काहीतरी धडधडत होतं.