अल्लेलुयाचा शेवटचा सूर

"शेवटच्या अल्लेलुयाला तू वाजवू नकोस," फेलिक्स टोनीच्या कानात म्हणाला. "नुसता बस."

अबुधाबीतल्या चर्चमध्ये ईस्टरची मराठी मिस्सा संपत आली होती. फादर सूचना वाचत होते, आणि एकदा सूचना हातात आल्या की फादरांना वेळेचं भान राहत नसे. मागच्या बाकांवर पोरं चुळबुळत होती. सूचनांनंतर शेवटचं गाणं, आणि गाण्याच्या अगदी शेवटी ट्रॉम्बोनचा, त्या लांब पितळी वाद्याचा, तो उंच सूर. टॉप एफ. तिथे ऑर्गन, कॉयर आणि जमलेली सगळी वसईकर मंडळी एकदम सुटायची, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून हा सूर जायचा. दर ईस्टरला लोक बाहेर येऊन ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या या दोघा म्हाताऱ्यांचे हात हातात घ्यायचे. काय वाजवता हो या वयात!

"का नको?" टोनी म्हणाला. "माझी लास्ट मिस्सा आहे इथली. पुढच्या आठवड्यात खलास, सामान उचलून वसई."

"म्हणूनच." फेलिक्सने घसा खाकरला. "टोनी, पुढचे दात नवे बसवल्यापासून तो सूर मी वाजवलेलाच नाही. नुसते गाल फुगवतो. वाजवतोस तू, आणि वाहवा दोघांना मिळते. आज एकदा मला वाजवू दे. तुझ्यासमोर."

हे बोलायला त्याला फार धीर करावा लागला होता. लहानपणी वसईत दोघं एकाच लग्नाच्या बँडमध्ये शिकले, नोकरीला इकडे आले तेही एकापाठोपाठ. टोनी गेल्यावर पुढच्या ईस्टरला आपलं बिंग फुटणार, याची फेलिक्सला भीती होतीच. पण त्याहून जास्त लाज वाटत होती ती मित्राच्या जिवावर मिरवल्याची. तो जायच्या आधी एकदा तरी सूर खरा लागायला हवा होता.

त्यासाठी तो सुटीच्या दिवशी गाडी घेऊन मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात जायचा. बिल्डिंगमध्ये वाजवलं की वॉचमन वर यायचा. वर्कशॉपांच्या गल्लीत मात्र दिवसभर ग्राइंडर किंचाळत असतात, तिथे ट्रॉम्बोनचं कुणाला काय! उंच सुरांना स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, फारशी हलवावी लागत नाही, सगळा खेळ ओठांचा, त्यामुळे मागच्या सीटवर बसूनही जमायचं. म्हणजे बसणं जमायचं. सूर काही जमत नव्हता. तो माउथपीस ओठांवर दाबायचा, आणखी दाबायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि बाहेर यायची नुसती हवा.

घरी आला की त्याची बायको इनेज त्याच्या ओठांवर उठलेलं लाल वर्तुळ बघायची. "किती दाबतोस रे? ओठ आहेत की लिफ्टचं बटण?" आणि मग ठरलेलं वाक्य, "टेन्शन घेऊ नकोस. तू नुसता उभा राहा, बाकीचं मी बघते." चर्चमध्ये इलेक्ट्रिक ऑर्गनवर तीच बसायची. त्यावरच्या ढीगभर बटणांमधलं तिच्याशिवाय कुणाला काही कळत नसे. बायका असा धीर देतातच, असं समजून फेलिक्स गुपचूप जेवायला बसायचा.

टोनी मात्र त्याच्याकडे बघतच राहिला होता.

"मी वाजवतो?" त्याने विचारलं. "अरे, माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून डॉक्टरने असा जोर लावायला मना केलंय. मला वाटत होतं, तू वाजवतोस!"

"आणि तू?"

"मी पण गाल फुगवतो."

सूर तर दोघांनी दर वर्षी ऐकला होता. स्वतःच्या कानांनी.

"यल्ला, स्टँड अप," कॉयरमधून कुणीतरी म्हणालं. फादरांच्या सूचना संपल्या होत्या. इनेजने ऑर्गन सुरू केला, आणि विचार करायला वेळच राहिला नाही. टोनीने आपला ट्रॉम्बोन खाली धरला. "तूच बघ बाबा," तो पुटपुटला.

गाणं शेवटच्या ओळीवर आलं. फेलिक्सने ट्रॉम्बोन ओठांना लावला. नेहमीप्रमाणे दाबायला गेला, पण हातात जोरच उरला नव्हता. मघाच्या धक्क्याने हात पार ढिले पडले होते. माउथपीस ओठांना जेमतेम टेकला. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून त्याने फुंकलं.

सूर लागला.

बारीक होता, किंचित थरथरत होता, पण लागला होता. फेलिक्सचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात त्याला दुसरा सूर ऐकू आला. तोच, तेवढाच उंच, पण गुळगुळीत, जराही न हलणारा. दर वर्षीचा. त्याने फुंकता फुंकता टोनीकडे नजर वळवली. टोनीचा ट्रॉम्बोन खालीच होता, आणि तो आ वासून ऑर्गनकडे बघत होता.

इनेजचं एक बोट उजवीकडच्या पट्टीवर दाबलेलं होतं. आज तिलाही दोन सूर ऐकू आले असावेत, कारण तिने चमकून मान वर केली. नवऱ्याकडे बघितलं. मग बोट उचललं, हात लांब केला आणि 'ट्रॉम्बोन' असं लिहिलेलं बटण बंद केलं.

सूर चालूच राहिला.